ईशान्य कोपऱ्यातला पाहुणा

लोलोना बांधावरून ओरडत आली तेव्हा नोरो गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची रोपं उपटत होती. लोलोना म्हणजे तिची धाकटी जाऊ. ही बाई चिमूटभर मीठ मागायला आली तरी चार घरांना कळतं. आज तर ती धावत होती, त्यामुळे सगळा डोंगर कान देऊन ऐकत होता.

"जाऊबाई! अहो जाऊबाई! मोठे भावोजी आले!"

मोठे भावोजी म्हणजे नोरोचा नवरा, रालाय. त्याला मरून चौदा महिने झाले होते.

"कुठे आले?" नोरोनं विचारलं.

"आमच्याकडे! पहाटे चूल पेटवायला गेले तर ईशान्य कोपऱ्यात वेटोळं करून बसलेत. चला लवकर!"

दुसऱ्या एखाद्या गावात लोलोनाला कुणी तरी धरून सावलीत बसवलं असतं. आंबोहित्सारात तसं नाही. या कुळातली माणसं थडग्यात कायमची पडून राहत नाहीत. वर्ष-दीड वर्षात डो होऊन बाहेर निघतात, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याच्या घरी येतात. डो म्हणजे अजगराचा भाऊबंद, जाडजूड, बिनविषारी, रानात झाडावर राहणारा. तो घरात आला की त्याला हाकलत नाहीत. त्याचं नाव विचारतात. याबद्दल गावात कुणाला शंका नाही, नोरोलाही नव्हती. तिला पहिला राग आला तो एवढ्याचाच, की आला तर आला, पण तिकडे कशाला गेला?

एकवीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस. तिनं रोपांची जुडी बांधावर आपटली आणि पाय न धुताच निघाली.

झाफीचं घर माणसांनी भरलं होतं. झाफी म्हणजे रालायचा धाकटा भाऊ. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, मनानं वाईट म्हणावा असा नाही, पण हातात आलेलं सोडणारा नाही. रालाय गेल्यापासून त्याचा डोळा नोरोच्या तीन खाचरांवर होता. मूलबाळ नसलेल्या विधवेनं नवऱ्याच्या कुळाच्या जमिनीवर किती दिवस राहायचं, हा प्रश्न तो दर सणाला जेवता जेवता काढायचा. त्याच्या थोरल्याचं लग्न ठरत आलं होतं आणि त्याला घर हवं होतं, शेत हवं होतं. नोरो रानातली. तिचा बाप मध गोळा करणारा, तो मरून गेला, त्याची झोपडीही वेलींनी गिळली. इथून निघाली तर तिला जायला जागाच नव्हती. ती खाचरं तिनं आणि रालायनं दगड वाहून वाहून उतारावर चढवली होती. त्यातल्या वरच्या बांधाचा एकेक दगड तिच्या पाठीला ओळखत होता.

चुलीच्या मागे, ईशान्येला, जिथे पूर्वजांची जागा असते तिथे लाल रानरेशमाची शाल अंथरली होती, आणि शालीवर डो होता. दंडाएवढा जाड, जवळजवळ काळा. समोर राइनिसोआ आजोबा बसले होते. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस तेच, त्यामुळे मेलेल्यांशी बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी बैलाचा कान चिरून काढलेलं रक्त पानाच्या द्रोणात ठेवलं, शेजारी गावठी दारूचा पेला ठेवला, आणि घसा साफ केला.

"पाहुणे, तुम्ही आमच्यातले कोण? थोरले आजोबा आहात का?"

डो गप्प.

"मधला काका आहात का? तो वीज पडून गेलेला?"

डो गप्प.

"रालाय आहेस का बाळा?"

डोनं डोकं उचललं आणि जीभ बाहेर काढली.

घरात एकच गलका झाला. बायका रडल्या, हसल्या. झाफी तिथल्या तिथे जमिनीवर डोकं टेकून बसला. नोरो माणसांतून वाट काढत पुढे सरकली. आला, तिला वाटलं, खरंच आला. तिच्या तोंडून त्याचं नाव निघणार, इतक्यात तिची नजर त्याच्या पोटावर गेली.

मग ती नीट पाहू लागली. बापानं तिला रानात हे सगळं दाखवलं होतं, लहानपणी, मधाच्या पोळ्याखाली बसून. डोचा रंग एरवी शेवाळी हिरवा. मादीच्या पोटात पिल्लं असली की ती काळपट होते, ऊन जास्त धरून ठेवायला. खात नाही, पीत नाही, ऊबेला जाऊन बसते, आणि तिचं अंग शेपटीकडच्या बाजूला फुगतं. ही समोरची काळीकुट्ट होती. चुलीला चिकटून बसली होती. आणि शेपटीच्या वर तिचं अंग असं फुगलं होतं, जणू कुणी आत रताळी भरली आहेत.

"दादा," झाफी हात जोडून म्हणत होता, "तू माझ्या घरी आलास. तुझी खाचरं माझ्या घराला द्यायची, हेच सांगायला आलास ना?"

डोनं पुन्हा जीभ काढली. डो जीभ काढतोच, त्याला दुसरं काय काम?

"बघा!" झाफी ओरडला. "बघितलंत ना सगळ्यांनी?"

"बघितलं," नोरो म्हणाली. "ही मादी आहे. पोटुशी आहे."

मग लोलोनाच्या तोंडून खुदकन हसू निघालं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"वहिनी," झाफी म्हणाला, "नवरा चौदा महिन्यांनी भेटायला आला आणि तुम्ही त्याला गर्भार म्हणता?"

"नवरा आला असता तर आधी जेवायला काय आहे ते विचारलं असतं. भावोजी, मी रानातली आहे. तुम्ही मला हे वीस वर्षं ऐकवलंत, आज जरा त्याचा उपयोग होऊ द्या. ही बाई बाळंतपणाला आली आहे, वाटणी करायला नाही."

"आजोबा, ऐका हिचं!"

राइनिसोआ आजोबांनी डोळे मिटले. त्यांना भांडणाचा कंटाळा होता आणि नाष्टा झाला नव्हता. "गुरुवारपर्यंत पाहुणे इथेच राहतील," ते म्हणाले. "कुळाचा चांगला दिवस गुरुवार. तोवर पाहुणे घरात असताना कुणी आवाज चढवायचा नाही. कुणाच्या शेतात नांगर, बैल काही जायचं नाही. गुरुवारी ठरवू."

"ठरवायचं काय ते आत्ताच बोलून घेऊ," नोरो म्हणाली. "गुरुवारपर्यंत हा रालायच राहिला, तर मी माझी चटई आणि भांडं उचलून जाईन. रडणार नाही, शिव्या देणार नाही. पण हा रालाय नाही असं निघालं, तर मरेपर्यंत खाचरं माझी. भावोजी, चालेल?"

झाफी हसला. सापाला पोरं होईपर्यंत थांबायला तो एका पायावर तयार होता. "चालेल," तो म्हणाला.

आठवडा झाफीच्या घराला फार जड गेला, हे सांगताना मला वाईट वाटत नाही. पाहुणा झोपलेला असताना घरात भात कांडायचा नाही, म्हणून लोलोना उखळ घेऊन पावसात बाहेर बसायची. कोंबड्या शेजाऱ्यांकडे पाठवल्या. मुलं भीतीनं वरच्या मजल्यावर एकाच घोंगडीत झोपायची. झाफी रोज ताजं रक्त आणायचा, रोज ते तसंच उरायचं, आणि कोपऱ्यातून वास यायला लागला.

"तुमच्या नवऱ्याला जेवण आवडत नाही हो," लोलोना बांधावर येऊन म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला मरणाच्या दिवशीसुद्धा दोन ताटं लागली. कसाव्याच्या पाल्याची भाजी केली होती, तीही चाटूनपुसून खाल्ली. तूच वाढली होतीस ना?"

लोलोना विचारात पडली. "हो की," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मागितली होती."

नोरो रोज सकाळी पाहुण्याला बघायला जायची. बायकोला तो हक्क होता, कुणाला अडवता आलं नाही. जाताना करपलेल्या भातावर उकळलेलं, या डोंगरावर घरोघर पितात ते गरम पाणी न्यायची, झाफीला एक पेला द्यायची, स्वतः एक प्यायची, आणि डोच्या फुगलेल्या अंगाकडे बघत बसायची. तिला अजिबात शंका नव्हती. तिचा बाप बाकी गोष्टींत कितीही चुकला असेल, मधात आणि डोमध्ये चुकला नव्हता.

पण सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळी फुगवटा आणखी खाली सरकला होता, एवढंच. तेव्हा कुठे नोरो दिवस मोजायला लागली. पोटुशी आहे याची तिला खात्री होती, पण दिवस कुठला ते तिला कुठे माहीत होतं? डोला आणखी पंधरा दिवस लागले तर त्याला कोण काय करणार? आजोबा गुरुवारी ठरवणार होते, आणि गुरुवार उद्यावर आला होता. ती घरी गेली, भांडं घासून उलटं ठेवलं, आणि चटई मात्र गुंडाळली नाही. आपण चूक नाही तर आधीपासून आवरायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

गुरुवारी सकाळी गाव पुन्हा जमलं. आजोबांनी या खेपेला पोटभर नाष्टा केला होता, त्यामुळे भाषण लांबलं. त्यांनी कुळाची सुरुवात कुठून झाली तिथून धरलं. कोण समुद्राकडून आलं, कोण डोंगरावर चढलं, कुणी पहिली विहीर खणली. झाफी नवीन टोपी घालून बसला होता. नोरो दाराशी उभी होती.

आजोबा तिसऱ्या पिढीपर्यंत आले होते तेवढ्यात लोलोनाची धाकटी मुलगी म्हणाली, "आई, काकांना काहीतरी होतंय."

डोची शेपटी उचलली गेली होती. शालीवर एक ओली, चकचकीत पिशवी पडली. ती आतून हलली, फाटली, आणि तिच्यातून बोटाएवढं डोकं बाहेर आलं, लालभडक, पिकल्या मिरचीसारखं. मग दुसरी पिशवी. मग तिसरी.

आजोबांनी तिसरी पिढी तशीच अर्धवट सोडली.

पोरं मोठ्यानं मोजायला लागली. "पाच! सहा! ते बघ सात!" अकरापर्यंत मोजून झाल्यावर डोनं शेपटी खाली टेकली आणि गप्प पडून राहिली. लाल रेशमावर अकरा लाल पिल्लं वळवळत होती. मग मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "जिवंतपणी रालायला एक जमलं नाही, मेल्यावर एकदम अकरा!"

सगळं घर हसलं. लोक भिंतीला टेकून, एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. नोरोही हसली, पण तो शब्द तिच्या काळजाला लागला. ते एक मूल तिला किती हवं होतं ते त्या म्हातारीला माहीत होतं, आणि तरी ती बोलली होती. नोरोनं हसणं थांबवलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, हा रालाय आहे का?"

"नाही बाई," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "हा रालाय नाही."

"थांबा!" झाफी उठला. त्याची टोपी खाली पडली होती. "दादा नसेल. पण आमच्या कुळातलंच कुणीतरी आहे. नाहीतर एवढी घरं सोडून इथेच का येईल? बाई आहे ना? मग आई असेल! माझी आई! विचारा, आजोबा!"

हसणं थांबलं. आजोबांनी नोरोकडे पाहिलं, मग झाफीकडे. विचारायला नाही म्हणता येत नव्हतं.

"पाहुणीबाई, तुम्ही रावोला आहात का?"

डोनं डोकं उचललं. जीभ काढली.

"आई!" झाफीचा आवाज फाटला. "ती माझ्या घरी आली, तिच्या मुलाच्या घरी. आता तिचं ऐकायचं की रानातल्या सुनेचं?"

लोक कुजबुजू लागले. यात तथ्य होतं. सासू रावोला आणि नोरोचं कधी पटलं नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. जिंकलेला डाव नोरोच्या हातातून निघून चालला होता. पण ती ओरडली नाही. ती आत आली आणि दारातली माणसं तिनं हातानं बाजूला केली.

"जरा वाट मोकळी ठेवा," ती म्हणाली. "पाहुण्यांना जायचंय."

डो हलली होती. तिनं वेटोळं सोडलं, हळूहळू लांब झाली, आणि निघाली. स्वतःच्या पिल्लांच्या अंगावरून गेली. एक तिच्या खाली चेंगरता चेंगरता वाचलं, तरी तिनं मान वळवली नाही. झाफीच्या पायांजवळून गेली, त्याच्याकडे पाहिलं नाही. उंबरठ्यावरून, अंगणातून, दगडी कठड्यावरून ती रानाकडे गेली. सगळं गाव बघत होतं.

"भावोजी," नोरो म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ होता. "सासूबाईंनी मला कधी चांगलं म्हटलं नाही. पण तुम्हाला सात वर्षांचं असताना ताप आला होता, तेव्हा त्या तुम्हाला पाठीला बांधून दोन दिवस चालत दवाखान्यात गेल्या. नदीला पूर होता तरी गेल्या. मरताना माझा हात धरून म्हणाल्या, झाफीला आंबट फार खाऊ देऊ नकोस. ही पिल्लं टाकून, मागे न बघता गेलेली, ही तुमची आई आहे असं सगळ्यांसमोर म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी मानीन. आजच जाईन. एक शब्द बोलणार नाही."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं. तीन खाचरं, घर, वरचा बांध, सगळं तिनं त्या एका माणसाच्या शब्दावर पणाला लावलं होतं. लोभी होता, पण तो त्या आईचा मुलगा होता, आणि नोरोचा त्यावर विश्वास होता.

झाफीनं दाराबाहेर, कठड्याकडे पाहिलं. त्याचा थोरला त्याच्याकडे आशेनं बघत होता. एका पिल्लानं शालीच्या काठावर डोकं ठेवलं होतं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "ही माझी आई नाही."

"झालं," आजोबा म्हणाले. "खाचरं नोरोची. मरेपर्यंत. हे सगळ्यांनी ऐकलं."

लोक उठले, हातपाय ताणत, अजून हसत. डोला मारायचं नसतं, म्हणून लोलोना सूप घेऊन पिल्लं गोळा करायला बसली. पोरांना हाका मारत होती, आणि कितीही मोजली तरी दहाच भरत होती. ती पलंगाखाली शिरली तेव्हा घर पुन्हा एकदा हसलं.

झाफी पायरीवर बसला होता. नोरो त्याच्या बाजूनं निघून गेली असती, पण त्यानं विचारलं.

"वहिनी, तुमच्याकडे आला का हो तो? एकदा तरी?"

ती थांबली. "नाही."

"मला वाटलं, मला चिडवायचं म्हणून तुम्ही सांगत नाही. मी दर रात्री कोपऱ्यात शाल अंथरत होतो. लोलोना हसायची. तो गेला तेव्हा आम्ही बोलत नव्हतो, माहीत आहे ना तुम्हाला? बांधाच्या पाण्यावरून." त्यानं नाक पुसलं. "शेत मला हवंच होतं. खोटं कशाला बोलू? पण आजोबांनी नाव घेतलं आणि त्यानं डोकं उचललं, तेव्हा मला शेत आठवलंच नाही. नंतर आठवलं."

नोरोला त्याच्यावर रागवायचं होतं. आठवडाभर तिनं तो राग जपून ठेवला होता. आता तो हाताला लागेना.

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "पोटाकडे बघेपर्यंत. मी थोडं उशिरा बघितलं असतं तर बरं झालं असतं."

ती त्याच्या शेजारी बसली. शेत राहिलं होतं, आणि आपला नवरा आलेला नाही हे सगळ्या गावासमोर तिनं स्वतःच पटवून दिलं होतं. तिला तेव्हा रडू आलं. चौदा महिन्यांत ती कुणासमोर रडली नव्हती, धाकट्या दिरासमोर तर मुळीच नाही. झाफीनं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि उठूनही गेला नाही.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"रोपं पिवळी पडायला लागलीत, भावोजी. उद्या बैल घेऊन या. चिखल तुडवायचाय."

"किती आणू?"

"सगळे आणा," नोरो म्हणाली. "आणि वरच्या खाचरापासून सुरू करू. पाणी आधी तुमच्याकडे सोडते."